पूजेला बंद ठेवलेला सर्व्हर

आमच्या इस्पितळातली नोंदणी, औषधं, लॅबचे रिपोर्ट यांचे सर्व्हर काही मोठ्या यंत्रांच्या पोटात एकत्र चालतात. कुठला कुठे चालेल, अडकलेला कसा उठवायचा, हे ठरवणारा एक व्यवस्थापक सर्व्हर असतो. तो पडला तर चालू असलेलं चालतंच, पण अडकलेलं उठवणं कठीण. म्हणून त्याला एक जोडीदार दिलेला. पहिला गेला की दुसऱ्यानं कारभार आपोआप हाती घ्यायचा.

हे सगळं सांभाळणारी बाई मात्र एकटी. शहरातल्याच गढा मोहल्ल्यातली, ठेकेदाराकडून पगार घेणारी. अख्खं इस्पितळ तिला दीदी म्हणतं. मी वॉर्डावॉर्डांतून प्रिंटर दुरुस्त करत फिरतो. मीही ठेक्यावरचाच, आणि ठेक्यावरच्या लोकांची पत्रकं लिहिणारा.

आमचे साहेब संरक्षण कारखान्यातून निवृत्त होऊन इथे आले. या शहरात ज्याचं आयुष्य कारखान्यात गेलं, त्याला विश्वकर्मा पूजेच्या दिवशी चालू यंत्र बघवत नाही. यंत्र पुसायचं, बंद ठेवायचं, हार घालायचा. इस्पितळ बंद ठेवता येत नाही, हे साहेबांना कळत होतं. त्यांनी जोडीदार सर्व्हरकडे बोट दाखवलं. "ये तो बैठा ही रहता है. याला तरी आज आराम दे, दीदी."

दीदीनं तो बंद केला. आरती झाली आणि साहेबांनी बुंदीचं ताट तिच्या हातात देऊन तिला वॉर्डांत पाठवलं. तिथून कोणी नोंदणीवर बोलावलं, कोणी औषधांच्या खिडकीवर. जोडीदार हार घालून बंदच राहिला. स्क्रीनवर त्याचा लाल ठिपका होता. पूजेचा आहे म्हणून सगळ्यांनी तो बघून सोडून दिला. मीसुद्धा.

पुढच्या आठवड्यात पहिल्याची डिस्क गेली आणि त्याच सकाळी लॅबचा सर्व्हर अडकला. दीदीनं जोडीदार चालू केला, तर त्याच्याकडे पूजेच्या दिवसापर्यंतचीच माहिती. सगळं रांगेला लागेस्तोवर संध्याकाळ झाली. तोवर रिपोर्ट हातानं लिहिले, आणि नातेवाइकांच्या शिव्या लॅबमधल्या पोरींनी खाल्ल्या.

ठेकेदाराचा माणूस दुसऱ्याच दिवशी हजर. दीदीला काढायचं ठरवूनच आला होता. डोकं सणकलं माझं. दुपारीच पत्रक लिहून काढलं आणि कँटीनमध्ये तिच्यासमोर ठेवलं. 'निर्दोष कर्मचाऱ्याचा बळी!' असा मथळा.

तिनं वाचलं, चहा बाजूला सरकवला. "निर्दोष काहून लिहिलं?"

"मग काय लिहू? बंद करायला साहेबांनी सांगितलं ना!"

"सांगितलं. पण चालू करायचं मी विसरली. खोटं छापून राहिला तू, आणि पकडला जाशील तर माझीच नोकरी जाईल."

"अच्छा, म्हणजे गप्प बसायचं?"

"गप्प बस नाही म्हणत मी. जे झालं ते लिही ना, भैया. मी ताट घेऊन गेली तेव्हा सर्व्हरच्या खोलीत कोण होतं? ते लिही."

कोणीच नव्हतं. यंत्राला जोडीदार पाहिजे हे यांना पटतं. त्यासाठी खरेदीही होते. आणि ते यंत्र ज्या बाईच्या जिवावर चालतं, ती वॉर्डात गेली, आजारी पडली, पोराच्या शाळेत गेली, तर तिच्या जागी कोण? कोणीच नाही! मी मथळा खोडला आणि हेच लिहिलं. तिची चूकही लिहिली.

पत्रक साहेबांनी माझ्यासमोरच वाचलं. मला वाटलं, आता आरडाओरडा. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "कारखान्यात पूजेनंतर मशीन चालू करायला पूरी शिफ्ट असायची रे. इथं ही एकटी, हे माझ्या ध्यानातच आलं नाही." मला राग धरून ठेवायचा होता, तो धरवेना.

त्यांनी दीदीला आणि ठेकेदाराच्या माणसाला बोलावलं आणि त्याला सांगितलं की बंद करायचा हुकूम आपलाच होता. तो माणूस वकिली करू लागला. "साहब, कल फिर बंद पड़ा तो? जिम्मेदार कौन?"

"चलो, आत्ताच बघू," दीदी म्हणाली.

नवी डिस्क बसली होती, दोन्ही सर्व्हर चालू होते. आम्ही चौघे सर्व्हरच्या गार खोलीत उभे राहिलो. दीदी खुर्चीवरून उठली आणि मला बसवलं. "मी असली की चालतंच. मी नसताना चाललं पाहिजे. तू कर."

"दीदी, मी प्रिंटरवाला आहे!"

"मालूम है. पहिला बंद कर."

मी केला. स्क्रीन गोठली. ठेकेदाराचा माणूस माझ्या मानेवर श्वास सोडत होता, साहेबांनी डोळे मिटले होते. दीदी हाताची घडी घालून भिंतीला टेकली होती. तिचं तोंड पांढरं पडलं होतं, पण ती पुढे आली नाही. जोडीदाराचा ठिपका पिवळा झाला, मग हिरवा. तिनं सांगितलं तसा मी लॅबचा सर्व्हर एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलवला. तो हलला. लॅबला फोन लावला, तर पलीकडची पोरगी वैतागून म्हणाली, "सगळं चालू आहे, काम करू द्या ना!"

ठेकेदाराच्या माणसानं बॅग उचलली. "ठीक है. रहने दो इनको."

दीदीनं मला खुर्चीवरून उठवलं नाही. डबा उघडला आणि माझ्या शेजारी उभी राहूनच जेवू लागली.