मार्तंडरावांची बचत

देवणीच्या जनावरांच्या दवाखान्यातले कारकून मार्तंडराव म्हणजे महाचिक्कू माणूस, आणि चिक्कूपणा तोही सरकारच्या पैशात! निजामी अमलाची ती अखेरची वर्षं. साल संपताना त्यांनी एकशेचाळीस रुपये वाचवून खजिन्यात परत भरले आणि आठवडाभर मिशीला पीळ देत हिंडले.

वाचवले कुठून? तर चंद्रप्पाच्या पायांतून. चंद्रप्पा दवाखान्यात मलमपट्टी करायचा. खेड्यात कुणाचा बैल आजारी पडला तर त्याला बैलगाडीचं भाडं मंजूर होतं. पण मार्तंडराव म्हणत, "पाय हायत न्हवं तुला?" तो मुकाट चालत जाई.

मग हैदराबादेहून कागद आला. नव्या सालाच्या मवाजन्यात, म्हणजे सरकारी खर्चाच्या अंदाजात, देवणीचे एकशेचाळीस कमी धरले होते. गेल्या साली लागले नाहीत, तर आता कशाला? चंद्रप्पाचा वर्षाचा पगार तेवढाच, म्हणून त्याचीच जागा रद्द.

"असू द्या मुनशीजी, गावाकडं जातो," चंद्रप्पा म्हणाला. मार्तंडरावांना ते फार लागलं.

ते तडक उदगीरला अनंतराव वकिलांकडं गेले. वकील कायदेमंडळाचे सभासद. "मवाजना अजून आमच्यापुढं चर्चेला यायचाय," ते म्हणाले. "पण बचत सांगून काय उपयोग? न झालेलं काम लिहून आणा."

मार्तंडराव गावोगाव निघाले, तेही पायीच. भाडं मागायची सवयच नव्हती! वलांडीपर्यंत टाचांना फोड आले. तिथं साखराबाई नावाची शेतकरीण म्हणाली, "चंद्रप्पा आला की, पण दिवस मावळल्यावर. बैल दुपारीच गेला."

मार्तंडरावांनी तिच्या ओसरीवरच कागद काढून त्या बैलाची नोंद केली. मग अशा तेवीस जनावरांची यादी केली, धन्यांच्या नावांसकट, आणि खाली लिहिलं: ही बचत नव्हती, माझी चूक होती. स्वतःच्या हातानं असं लिहिताना जीव अगदी कानकोंडा झाला.

वकिलांनी कायदेमंडळात ती यादी शेवटच्या ओळीसकट वाचली. दोन सभासदांनी आपापल्या तालुक्यांचं तसंच रडगाणं गायलं. खात्यानं नमतं घेतलं आणि देवणीची रक्कम पूर्ववत झाली.

मंजुरीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात वलांडीहून निरोप आला. चंद्रप्पानं सवयीनं पिशवी खांद्याला लावली आणि वहाणा घातल्या.

"कुठं निघालास?" मार्तंडराव कडाडले. "गाडी जुंपायला सांगितलीय. पायी गेलास तर पगार कापीन."