स्ट्रेचर उतरेल ती वाट

आमची पोस्ट साडेचौदा हजार फुटांवर होती. आम्ही अकरा जण. मी नायक, सेक्शन कमांडर. माझ्या हाताखाली लान्स नायक काशिनाथ भोईर, अंबाडीचा. मी दापोड्याचा. दोघेही भिवंडी तालुक्यातले, त्यामुळे भांडणंही घरच्यासारखी व्हायची.

हे आज लिहायचं कारण कळसूबाई. हवालदार होऊन पेन्शन घेतल्यावर मी एका जुन्या टेम्पोवर ट्रान्सपोर्ट उभं केलं. तिथले बारा जण दरवर्षी माझ्याबरोबर हा डोंगर चढतात. यंदा ड्रायव्हर रफीक अडून बसला.

"हवालदारसाब, बारी गावावरून चला ना. शिड्या आहेत. सारी दुनिया तिकडूनच जाते."

"शिडीवरून स्ट्रेचर उतरेल?"

"स्ट्रेचरवर कुणाला आणायचंय?"

"तुलाच. पोट बघ तुझं."

सगळे हसले. वाट मात्र डोंगराच्या सोंडेवरची, लांबचीच ठरली. त्या वाटेने मी आधी दोनदा उतरून पाहिलं होतं.

ही पद्धत भोईरची. तो वाट नेहमी वरून खाली बघायचा. म्हणायचा, "वर कोनीबी जाईल, नायक. आजारी मानूस घेऊन खाली येता येतं का, ते बघ."

पोस्टवर एके दिवशी सकाळी सहाला आमच्या एका जवानाच्या छातीत पाणी झालं. साडेदहाला हवा बिघडणार होती. त्याआधी हेलिपॅड गाठायचं होतं. रेडिओवर कंपनीचा हुकूम आला, "नाल्याने उतरा. दोन तास. ओव्हर."

भोईरने मान हलवली. "न्हाय. ताजा बर्फ हाय. ऊन लागलं का नाला सुटंल. धारेवरून जाऊ."

त्या हुकुमाने माझं डोकं तापलं. मी सेट हातात घेतला.

"धारेवरून आणतो, सर. चार तास. ओव्हर."

"तीन. ओव्हर."

"साडेतीन. उशीर झाला तर माझ्या फिती काढा. ओव्हर."

नुसती खरखर. मग, "ठीक. निघा."

०६४० ला सहा जण स्ट्रेचर घेऊन निघालो. ०९१० ला डावीकडे तोफेसारखा आवाज झाला. नाल्यातला सगळा बर्फ खाली गेला. आम्ही तिथे असतो तर सातही गेलो असतो.

शेवटच्या कड्यावर दोन्ही दोर स्ट्रेचरला लागले. भोईर खाली कडेला बिनदोराचा उभा राहिला आणि भार खांद्यावर घेतला. स्ट्रेचर टेकलं. त्याच्या पायाखालची बर्फाची कड तुटली.

१००५ ला हेलिपॅड. तीन तास पंचवीस मिनिटं. जवान वाचला. भोईर दुसऱ्या दिवशी सापडला.

रिपोर्टमध्ये आलं, 'रूट कंपनी मुख्यालयाने निवडला.' मी साहेबांच्या टेबलावर हात आपटला. शिक्षा भोगली. अर्ज आजही करतो. आयुष्यात मी एवढे सौदे केले, पण ही एक ओळ मला बदलून घेता आली नाही. ज्या माणसाने सहा जण जिवंत उतरवले, त्याच्याबरोबर मी नोकरी केली, हे मात्र कोणी खोडू शकत नाही.

परवा सकाळी निघताना रफीक गोदामाच्या फळ्यावर लिहीत होता. वेळ ०५००. माणसं तेरा. मार्ग सोंडेवरचा. दरवर्षीची शेवटची ओळ लिहायला मी खडूसाठी हात पुढे केला.

"लिहिलंय, साब," तो म्हणाला आणि बाजूला झाला.

'रूट निवडला: लान्स नायक काशिनाथ भोईर, अंबाडी.'