चार उदबत्त्या

लकडगंजात आमच्या लाकूड कापाच्या आरा मशीनवर ज्याची त्याची खुंटी होती. कामाले आलं का खांद्यावरचा दुपट्टा खुंटीवर टांगाचा. माणूस आजारी पडला तरी दुपट्टा तिथंच राहाचा, म्हणजे जागा त्याची. आपल्या खुंटीवर दुसऱ्याचा दुपट्टा दिसला का समजाचं, काम गेलं.

चौऱ्याहत्तर साली सागाची फळी उसळली अन् माह्या उजव्या हाताची दोन बोटं आऱ्यात आली. दवाखान्यात टाके घातले, घरी पाठवलं. जखमी कामगाराच्या घरी जाऊन पाहाले मालक भैयाजीनं एक नर्स ठेवली होती, वच्छलाबाई. सायकलवर याची, हातात वही. आमी सारे तिले मालकाची चुगलखोर समजत होतो. हात बिघडला असं तिनं वहीत लिवलं का दुपट्टा उतरला, हे माह्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

पाचव्या दिवशी हात मनगटापर्यंत सुजला. ठणका असा का डोळ्यासमोर अंधारी याची. वासही सुटला होता. बाई येणार म्हणून मी बायकोले, कौशल्याले, उदबत्त्या लावाले सांगतलं अन् हात चादरीखाली घेतला.

"कसं आहे, कवडूभाऊ?"

"बरं आहे बाई. काही नाही."

बाईनं खोलीभर पाहिलं.

"भरदुपारी चार उदबत्त्या काहून लावल्या?"

बाईनं चादर ओढली, पट्टी सोडली. बोटं काळी पडली होती.

"लिवू नका बाई," मी रडाले लागलो. "माही खुंटी जाईन."

"हातच गेल्यावर खुंटीवर काय टांगता?" बाई तडकली. तिनं स्वतः रिक्षा आणला, माहा हात रस्ताभर वर धरून बसली. दोन बोटं काढा लागली. एक दिवस उशीर झाला असता त मनगटातून हात काढा लागला असता, असं डॉक्टरनं सांगतलं.

दीड महिना बाई एक दिवसाआड येत होती. मधात ती आरा मशीनवरही गेली. अर्धा दिवस तिथं उभी राहून तिनं एकेक काम पाहिलं अन् भैयाजीशी भांडली. मले हे काहीच ठाऊक नव्हतं. बाईसंगं कामावर गेलो त माह्या खुंटीवर, माह्या जागी घेतलेल्या गोविंदाचा दुपट्टा. तेवढ्यात बाईनं लाकडाच्या थप्पीजवळ बोट दाखवलं. तिथं नवा खिळा ठोकला होता, अन् त्याच्यावर माहा दुपट्टा, धुतलेला. नवं काम होतं लाकडावर खडूनं खुणा कराचं. या माणसाले आऱ्याजवळ पाठवू नये, असं तिनं वहीत लिवून भैयाजीची सही घेतली होती.

आता बारा वर्षं झाली. आरा सुरू झाला का अजूनही नसलेली बोटं दुखतात.

मागच्या मंगळवारी गोविंदा हाताले फडकं गुंडाळून आला.

"काय झालं गा?"

"काही नाही, खरचटलं. बरं आहे."

त्याच्या अंगाले उदबत्तीचा वास येऊन राहिला होता. सायकल काढली अन् थेट प्रतापनगरात बाईच्या घरी गेलो. तिची कडी वाजवली अन् म्हणलं, "बाई, वही घ्या, गोविंदाच्या घरी चला."