दोरी चढवलेलं धनुष्य

सौदीत तबूकच्या बाहेर आमच्या कफीलची, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा होता त्या मालकाची, शेती होती, आणि त्याला नाद होता जुन्या पद्धतीच्या धनुष्यांचा. हाताने केलेली चार लाकडी धनुष्यं, चामड्याचे भाते, शिकारीचे रुंद पात्यांचे बाण, कातडं सोलायच्या सुऱ्या. हिवाळ्यात पाहुणे आले की त्यांना घेऊन तो जीपमधून डोंगराकडे जायचा. सामान मागून मोटारसायकलवर यायचं. मी चालवायचो, मागे भाई बसायचा.

भाई माझा सख्खा भाऊ नव्हे. आमच्या रत्नागिरीकडच्या वाडीतला, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, होड्या बांधणारा सुतार. कफीलला लाकूड कळणारा माणूस हवा होता, म्हणून मीच त्याला बोलावून घेतलं. अरबी त्याला शेवटपर्यंत आली नाही. यल्ला म्हणजे चल आणि खलास म्हणजे झालं, एवढ्यावर त्याचं चालायचं. बाकी सगळं मी सांगायचो.

जीपमध्ये जागा असताना सामान मोटारसायकलवर का, हे मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, जिवापाड जपलेली वस्तू तो आमच्या हाती देतो, म्हणजे केवढा विश्वास. भाई एकदा म्हणाला, "जीपमध्ये गालिचा मावतो, उशा मावतात, कॉफीची किटली मावते. धनुष्यंच तेवढी मावत नाहीत होय रे?"

"तू रंधा मार, भाई," मी म्हटलं. "डोकं नको चालवूस."

भाईचा एक नियम होता. धनुष्य निघायचं ते दोरी उतरवूनच. चढवलेलं ठेवलं तर लाकूड थकतं, त्याच वाकात राहतं, असं तो सांगायचा. तीन धनुष्यं प्लॅस्टिकच्या पाइपात घालून आम्ही गाडीच्या बाजूला बांधायचो. चौथं लांब होतं. ते घोंगडीत गुंडाळून भाई मांडीवर आडवं धरायचा.

त्या दिवशी सकाळी भाई गाडीत हवा भरत होता. मी कोठाराच्या मागे जाऊन ते चौथं धनुष्य कसंबसं चढवलं, ऐटीत उभा राहून फोटो काढला आणि घरी मुलीला पाठवला. तिने अंगठा पाठवला. तेवढ्यात जीपचा हॉर्न वाजला. एकट्याने दोरी उतरेना. भाईला हाक मारली असती तर उतरली असती, पण शिव्या बसल्या असत्या. मी ते तसंच घोंगडीत गुंडाळलं.

मांडीवर घेताना भाईने हात फिरवला. "दोरी उतरवलीस ना?"

"हो."

तपासणी नाक्यावरून जीप पुढे गेली. आम्हाला थांबवलं. पोलिसाने घोंगडी उलगडली, मग भाता उघडून ती रुंद पाती बघितली. धनुष्य सज्ज, बाण शिकारीचे, परवाना कुठाय?

परवाना कफीलकडे होता. निदान तो तसं म्हणायचा. मी फोन लावला. पोलिसाने तो स्पीकरवर घ्यायला सांगितला. कफील शांतपणे म्हणाला, "कसली धनुष्यं? कामगार काय घेऊन फिरतात ते मला काय ठाऊक. त्यांनाच विचारा."

पलीकडून किटलीचा खणखणाट ऐकू आला, आणि कोणाचं तरी हसणं. मग फोन बंद झाला. जीपमध्ये धनुष्यं का मावत नव्हती ते मला तेव्हा समजलं. अकरा वर्षं मी त्या माणसाकडे राबलो होतो.

पोलिसाने विचारलं, "दोरी कोणी चढवली? शिकारीला कोण निघालं होतं?"

भाईने माझ्याकडे बघितलं. "काय म्हणतो?"

मी अरबीत म्हणालो, "याने. मी फक्त गाडी चालवतो." आणि भाईला म्हणालो, "काही नाही. नाव विचारतोय."

भाईने आपलं नाव सांगितलं. स्पष्ट, सावकाश, शाळेत हजेरी द्यावी तसं. मग पोलिसाने कागद लिहिला. त्यात काय आहे ते मी भाईला सांगितलं नाही, फक्त अंगठा कुठे लावायचा ते दाखवलं. त्याने लावला.

त्याचा इकामा, तिथे राहायचा परवाना, गेला. महिन्याभरात त्याला परत पाठवलं, पुन्हा येण्यावर बंदी घालून. मी त्याच कफीलकडे राहिलो. त्याने नवी धनुष्यं आणवली, मी ती मोटारसायकलवरून नेत राहिलो. आमच्यात त्या फोनबद्दल एक शब्द झाला नाही. कफीलने मला दगा दिला हे मी पुढे कितीतरी जणांना सांगितलं. भाईचं मात्र "कागदपत्रांचा घोळ झाला" असं सांगायचो. वाडीतही तेच कळवलं होतं.

गेल्या सुट्टीत त्याच्या घरी गेलो. वहिनींनी चहा दिला. म्हणाल्या, "तुम्ही होतात म्हणून सुखरूप परत आले, असं म्हणतात हे."

भाई पडवीत होडीची फळी तासत होता. मी जवळ जाऊन बसलो. सगळं सांगायचं ठरवून आलो होतो, पण चहाच पीत राहिलो. त्यानेच विचारलं, मान वर न करता.

"ते चौथं धनुष्य. नंतर दोरी उतरवली कोणी?"

"कोणीच नाही. पोलिसांकडेच राहिलं."

"म्हणजे तसंच चढवलेलं?"

"तसंच."

त्याने फळीवरून हात फिरवला. "मांडीवर घेतलं तेव्हाच कळलं होतं मला," तो म्हणाला. "तू हो म्हणालास, म्हणून उलगडून बघितलं नाही."

मग त्याने रंधा उचलला. मी चहा संपवला आणि कप आत नेऊन ठेवला.