दाराबाहेरून काढलेल्या रेघा

यंत्राला जात नसते, असं मालकांनी कॉम्प्युटरपुढं नारळ फोडताना सांगितलं. टाळ्या झाल्या. मग त्यांनी मला दाराबाहेर उभं राहायला सांगितलं.

कारण धूळ. मी शॉपमधून, म्हणजे ओतकामाच्या शेडमधून यायचो, अंगावर भट्टीची माती असायची. मालकांचा भाचा निपाणीहून फटफटीवर यायचा. त्याची धूळ चालत होती.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. बेळगावच्या त्या फाउंड्रीत मी अकरा वर्षं ड्रॉइंग बोर्डावर काढली होती. कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं, ते मालकांनी माझ्याकडं दिलं. खाकी कव्हर घालायला. मी पंधरा दिवस कव्हर घालत होतो. परत दिलं तेव्हा पुस्तक पाठ होतं.

पडद्याच्या तळाशी तीन ओळींची पट्टी. तिथं हुकूम टाइप करायचा. 'लाइन' म्हटलं की ती विचारायची, कुठून? आकडे दिले की, कुठपर्यंत? मग उत्तर मिळेपर्यंत गप्प. भाच्यानं 'सर्कल'चं स्पेलिंग चुकवलं. पट्टीनं सांगितलं, असला हुकूम माहीत नाही. मालकांच्या भाच्याला असं उत्तर देणारं त्या कारखान्यात तेवढंच एक होतं.

तरी मी त्या यंत्रावर भाळलो नाही. मी उंबऱ्याबाहेरून हुकूम सांगायचो, भाचा आत बसून टाइप करायचा. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात 'ड्रॉन बाय', म्हणजे कुणी काढलं, असा रकाना होता. अकरा ड्रॉइंगं झाली. अकराही त्याच्या नावावर.

बारावं पंपाच्या केसिंगचं, बाहेरच्या कवचाचं. निम्म्यावर मी थांबलो. पट्टी विचारत होती, कुठपर्यंत?

"सांग की रं," भाचा म्हणाला.

मी उंबऱ्याबाहेरून कोपऱ्यातल्या रकान्याकडं बघत होतो.

"झोपलास व्हय उभ्या उभ्या?"

"खाली नाव कुणाचं घालणार?"

त्यानं मामाला हाक मारली. मालक आले, हसले. ते हसले की मी सावध व्हायचो.

"नाव पायजे व्हय तुला? घाल की! कोण न्हाय म्हणतंय? पण नुसतं नाव घाल. आडनाव नको. गिऱ्हाइकं वाचत्यात."

खरंच वाचत. आमचं आडनाव वाचलं की गावाच्या कुठल्या टोकाला घर आहे ते कळे. नुसतं नाव कुणाचंही असू शकतं. त्यांना तेच हवं होतं. ड्रॉइंग माझं आणि माणूस कुणीही.

मी आत गेलो. शॉपमधल्या कपड्यांनिशी.

"उठा," भाच्याला म्हणालो. तो मामाकडं बघत उठला.

"काम करायचंय न्हवं तुला हितं?" मालक म्हणाले. आता हसत नव्हते.

"करायचंय. पण दुसऱ्याच्या नावावर एक रेघ काढणार न्हाय. आजपास्नं."

पट्टी अजून थांबलेलीच होती. मी आकडे दिले, केसिंग पुरं केलं आणि कोपऱ्यातल्या रकान्यावर आलो.

रकान्यात दहाच अक्षरं मावत होती. नाव आणि आडनाव दोन्ही बसेनात. मी नाव गाळलं.