नायलॉनचा लेंगा

माझ्या रागानं मला आजवर कितीदा तोंडघशी पाडलंय, ते विचारू नका. पण त्या लेंग्यापायी झाली तसली फजिती पुन्हा झाली न्हाई.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मी शिंपी, आणि साधासुधा न्हाई. पार लांबच्या नेसरी गावावरनं नवरदेव माझ्याकडं कोटाचं माप द्यायला यायचे. असल्या माणसापुढं आमच्या गल्लीतल्या सर्जन डॉक्टरांनी एक कागद ठेवला. त्यावर चित्र काढलेलं. वर एक तोंड, खाली दोन पाय. लांबी एक वीत, रुंदी अंगठ्याएवढी. सोबत त्यांचा स्वतःचा नायलॉनचा सदरा, नवाकोरा, पाठीतनं टराटरा फाडलेला.

टाके इतके जवळ घाला की थेंबभर पाणी गळता कामा नये, एवढं बोलून ते घाईनं निघून गेले.

माझं डोकंच फिरलं. त्यांच्या लेकीच्या बाहुला-बाहुलीचं लग्न त्याच आठवड्यात होतं. गल्लीभर आमंत्रणं गेलती. म्हणजे हा नवरदेवाचा लेंगा! आता सांगा, राग येणार न्हाई तर काय होणार? चांगला सदरा फाडायचा, आणि लग्नाचे कोट शिवणाऱ्या माणसाला बाहुल्याच्या कामाला लावायचं?

बायको म्हणाली, द्या शिवून, लेकराची हौस हाय. दिला शिवून. नेफासुद्धा केला, आत नाडी ओवली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर लेंगा घेऊन परत आले. नेफा काढा म्हणाले. आणि शिवण आतनं नको, बाहेरनं घ्या.

शिवण बाहेरनं! अवो, उलटा लेंगा घालून कुठला नवरदेव बोहल्यावर चढतो? मी दातओठ खात नवा शिवला आणि तसाच तरातरा दवाखान्यात गेलो. बाकड्यावर दहा-बारा पेशंट बसलेले. त्यांच्यादेखत लेंगा नाचवत ओरडलो, "डाक्टर, तुमच्या जावयाचा लेंगा झाला. आता अंतरपाट बी मीच धरू काय?"

कुणी हसलं न्हाई. डॉक्टरांनी दंडाला धरून मला आत नेलं, खुर्चीत बसवलं आणि सांगितलं.

पोटातनं एक जाड रक्तवाहिनी खाली येते. बेंबीपाशी तिचे दोन फाटे होतात, एकेका पायाला एक. कुणाकुणाची ती फुग्यासारखी फुगत जाते. गेल्या महिन्यात कागलचा एक शेतकरी पोटात गाठ उडतीय म्हणत आला होता. ती त्यांच्यासमोरच फुटली. काही करायला सवडच मिळाली न्हाई. परदेशातले सर्जन तिथं कापडाची नळी शिवून बसवतात, असं त्यांनी मासिकात वाचलं होतं. आपल्याकडं ते जमंल का, नायलॉन किती दाब सोसतं, हे आधी पाण्यावर बघायचं होतं. आतनं शिवण असली तर रक्त अडतं, म्हणून ती बाहेरनं.

मी गार पडलो. तरी राग मुरलेला माणूस मी, तिथंही चिडलोच.

"मग हे आधी सांगायला काय झालतं?"

"माणसाच्या पोटात बसवायच्या कामाची तयारी आहे म्हटलं असतं, तर तुमचा हात थरथरला असता, मास्तर," ते म्हणाले.

ते खरं होतं.

मग डॉक्टरांनी लेंग्याचं वरचं तोंड पिचकारीला बांधलं, दोन्ही पायांना गाठी मारल्या आणि पाणी सोडलं. आम्ही दोघं वाकून बघत होतो. एकबी शिवण गळली न्हाई. माझी छाती जरा फुगली. त्यांनी दाब वाढवला. आणि पुढनं, बरोबर मधनं, एक धार सुटली ती थेट त्यांच्या चष्म्यावर.

त्यांनी चष्मा पुसला, लेंगा खिडकीपाशी नेऊन उजेडात निरखला.

"मास्तर, इथं दुमडीखाली ही चीर कशाला ठेवलीत?"

मी जमिनीकडं बघत म्हणालो, "नवरदेवाला लागती की हो."