हिरानोंचे पिस्टन

रविवार, १० नोव्हेंबर १९९६. सकाळचे सव्वानऊ. जपानमधील त्सुकुबा शहराच्या बाहेर, भातखाचरांच्या कडेला असलेल्या एका गॅरेजचे शटर मी वर केले आणि तेथून हे सुरू झाले. काय सुरू झाले, ते मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीला नाही. ज्याला सांगणे माझे कर्तव्य होते, त्या माणसाला तर नाहीच. सांगितल्याने मन हलके होईल अशी माझी समजूत नाही — या वयात अशा समजुती उरत नाहीत. तरीही लिहितो.

त्या काळी मी त्सुकुबातील एका संशोधन संस्थेत होतो. इंधनाचे ज्वलन हा माझा विषय. पुण्याहून मी आणि पत्नी सुधा तेथे गेलो, त्याला तेव्हा बरीच वर्षे झाली होती. संस्थेत माझी ओळख काटेकोर माणूस अशी होती. बोलणे कमी, हसणे त्याहून कमी, मोजमाप मात्र बिनचूक. आपटे-सानांनी मोजले म्हणजे पुन्हा मोजायला नको, असे लोक म्हणत. हे आधीच सांगितले पाहिजे. माझ्या हातून जे घडले, ते लोकांच्या या विश्वासाच्या आडोशानेच घडले.

हिरानो-सान माझे दंतवैद्य. शेजारच्या त्सुचिउरा गावात त्यांचा दवाखाना होता. काताओका-सान माझ्याच संस्थेत धातूंवर काम करीत. दोघे शाळेपासूनचे मित्र, आणि दोघांकडे १९६९ सालची एकेक अमेरिकन गाडी. हिरानोंची मस्टँग, काताओकांची कॅमारो. त्या दोन गाड्यांवरून त्यांचे भांडण इतके जुने झाले होते की त्यांच्या बायकांनी त्यात लक्ष घालणे केव्हाच सोडले होते.

भांडणाला कारणही तसेच होते. ज्या शर्यतींसाठी ही इंजिने घडवली गेली, त्यांच्या नियमानुसार इंजिन पाच लिटरच्या आत असावे लागे. परस्परांचे हाडवैरी असलेले दोन कारखाने स्वतंत्रपणे एकाच मापावर येऊन थांबले. सिलिंडरचा व्यास चार इंच, पिस्टनची धाव तीन इंच — दोन्हींत हेच. शक्तीही दोघांनी कागदावर एकच सांगितली: दोनशे नव्वद अश्वशक्ती. ती दोघांनीही हातचे राखून सांगितली आहे, असे जाणकार मानीत. मग फरक कोठे? फरक श्वासात. मस्टँगच्या झडपा तिरप्या बसवलेल्या, आणि हवा आत घेणाऱ्या वाटा अतिशय रुंद. कमी वेगात एवढ्या रुंद वाटेतून हवा रेंगाळत येते आणि इंजिन आळसावते. वेग चढला की मात्र ते मोकळा श्वास घेते. कॅमारोच्या झडपा जुन्या पद्धतीने एका रांगेत, वाटा बेताच्या. ती लवकर ओढू लागते.

काताओका म्हणत, "हिरानो, एवढे मोठे भोक तू रोग्याच्या दाताला पाडलेस, तर तो पुन्हा तुझ्याकडे येईल का?"

हिरानो शांतपणे उत्तर देत, "तुझ्या गाडीला धाप लागते. आण एकदा दवाखान्यात, आ करायला शिकवतो."

अखेर त्यांनी निवाडा माझ्यावर सोपवला. मी ना अमेरिकन, ना जपानी; कोणाचा मिंधा नाही. चाचणी व्हायच्या आधीच मी निकाल सांगून बसलो, ही माझी पहिली चूक. संस्थेच्या उपाहारगृहात, दहाबारा सहकाऱ्यांच्या देखत, मी म्हणालो की वरच्या वेगात मस्टँग स्पष्ट पुढे जाईल. मी गणित केले आहे. माझ्यासारख्या माणसाने असे म्हटल्यावर पुढे कोणी बोलले नाही.

गणितात एक गोष्ट धरायची राहिली होती. त्या रविवारी गॅरेजात बॉनेट उघडताना ती हिरानोंनीच मला दाखवली. मस्टँगच्या इंजिनाला कारखान्यानेच वेसण घातलेली होती — फेरे मिनिटाला सहा हजारांच्या थोडे वर गेले की ठिणगी तोडणारी एक छोटी पेटी. कॅमारोला असे काही नव्हते. मी माझा आलेख सात हजारांपर्यंत नेला होता.

"पिस्टन मूळचेच ठेवले आहेत," हिरानो म्हणाले. "त्यांचा खालचा घेर नाजूक असतो, तडकतो. ही पेटी तेवढी राहू द्या, आपटे-सान."

"गाडी जशी आहे तशीच चालवीन," मी म्हणालो. हे माझे शब्द. मला ते नीट आठवतात.

ते इंजिन हिरानोंनी स्वतःच्या हातांनी उभे केले होते. दवाखाना बंद झाल्यावर, सुट्टीच्या दिवशी, कित्येक वर्षे खपून. साठी झाली की दवाखाना मुलीकडे सोपवायचा आणि जुनी इंजिने दुरुस्त करण्याची छोटी कार्यशाळा काढायची, असे त्यांनी ठरवले होते. जागाही पाहून ठेवली होती. हे इंजिन म्हणजे त्यांनी स्वतःची घेतलेली परीक्षा होती. मला हे ठाऊक होते का? होय. त्यांनी मला ते एकदा नव्हे, अनेकदा सांगितले होते.

गॅरेजात गाडी जागच्या जागी ठेवून, चाके रोलरांवर फिरवून शक्ती मोजण्याची सोय होती. मालक आत असला की परीक्षकाचा हात कचरतो, म्हणून मी दोघांना बाहेर बसवण्याचा नियम केला. तो त्यांना योग्यच वाटला. पलीकडच्या खोलीत हिरानोंच्या पत्नीने थर्मासमधला चहा ओतला, भाताचे गोळे काढले. भिंतीपलीकडून त्यांचे हसणे मला ऐकू येत होते.

प्रत्येक गाडी तीनदा चालवून तिचा सर्वांत मोठा आकडा धरायचा होता. कॅमारो तिन्ही वेळा ठीक चालली. मग मस्टँग. पहिल्या वेळी सहा हजारांच्या वर जाताच ती अडखळली, ठिणगी तुटली, आणि नेमका जेथे तिचा श्वास मोकळा व्हायचा तेथेच तिचा आकडा थांबला. दुसऱ्या वेळीही तेच. कॅमारो पुढे होती. फरक लहान नव्हता.

दार उघडून एक वाक्य बोलायचे होते — माझे गणित चुकले. त्याने काय झाले असते? काताओकांनी चारदोन दिवस चिडवले असते. उपाहारगृहात कोणी गालातल्या गालात हसले असते. बस. एवढ्याशा गोष्टीची मला भीती वाटली, असे कसे म्हणू? भीती नव्हतीच. मी चुकतो ही गोष्ट अस्तित्वातच असू नये, असे मला वाटत होते. त्याला काय नाव द्यायचे ते तुम्ही ठरवा.

मी खाली उतरलो, बॉनेट उघडले आणि त्या पेटीची तार सोडवली.

तिसऱ्या वेळी मस्टँग अडखळली नाही. काटा सात हजारांवर गेला, त्याच्याही पुढे गेला. आकडा कॅमारोच्या वर गेला — मी सांगितले होते तसाच. मी पाय उचलला. आणि उतरत्या आवाजात मला एक कोरडी टिचकी ऐकू आली. एकदा. पुन्हा एकदा. मग इंजिन संथ झाले आणि त्या गुरगुरीत ती बुडाली.

हा आवाज कसला, हे मला विचारावे लागले नाही. पिस्टनचा घेर तडकला की तो सिलिंडरमध्ये कलतो, आणि कलताना भिंतीला लागतो. असे पिस्टन मी संस्थेत मुद्दाम फोडून पाहिले होते. मी तार जागच्या जागी बसवली. हात धुतले. दार उघडले.

हिरानोंनी निकाल ऐकून घेतला. गाडीपाशी गेले आणि तिला लवून नमस्कार केला. मला नव्हे, गाडीला.

काताओका म्हणाले, "शेवटच्या वेळी आवाज निराळाच लागला होता. सकाळी काय खायला घातलेस रे तिला?"

"झोप," हिरानो म्हणाले. "काल रात्रभर तिला जागवले नाही."

ते दोघे हसले. मीही हसलो असेन.

दुपारी हिरानो पती-पत्नी महामार्गाने मितो शहराकडे निघाले. हवा छान आहे, गाडीला जरा फिरवून आणतो, असे ते म्हणाले. मी फाटकापाशी उभा होतो. हात वर करून गाडी थांबवायची आणि म्हणायचे — आज नको, ट्रकवर घालून घरी न्या. कारणसुद्धा सांगण्याची गरज नव्हती. माझ्या शब्दाला किंमत होती. मी हात वर केला. त्यांच्या पत्नीने काच खाली करून मला हात हलवून निरोप दिला, आणि मीही तसाच हात हलवला.

चारच्या सुमारास काताओकांचा फोन आला. भर वेगात पिस्टनचे तुकडे झाले होते. ते खाली जाऊन अडकले आणि इंजिनाची कूस फोडून बाहेर आले. मागची चाके क्षणभर जाम झाली, गाडी आडवी फिरली. मागच्या ट्रकचालकाने वेळेवर ब्रेक लावला. दोघांपैकी कोणाला खरचटलेदेखील नाही. ते वाचले. त्यात माझा वाटा शून्य.

त्याच संध्याकाळी साडेसहाला आमची घंटा वाजली. दारात हिरानो आणि त्यांच्या पत्नी. हिरानोंच्या अंगात काळा सूट होता, हातात कापडात बांधलेली मिठाईची पेटी. तुमच्यापैकी जे जपानात राहिले असतील, त्यांना ही पेटी कसली ते कळेल. ज्याची चूक, तो ती घेऊन ज्याला त्रास झाला त्याच्या दारी जातो.

ते माझी क्षमा मागायला आले होते.

"माझ्या सदोष कामामुळे तुमचा रविवार फुकट गेला," ते कमरेत वाकून म्हणाले. "आणि तुमच्या चाचणीला बट्टा लागला."

मी त्यांना आत बसवले. पेटी दोन्ही हातांनी स्वीकारली. तेथील रीत अशी की पेटी स्वीकारणे म्हणजे क्षमा करणे. मी त्यांना क्षमा केली. हे वाक्य लिहिताना माझा हात थांबला, पण घडले ते असेच.

ते एवढ्यावरच निघून गेले असते, तर माझा अपराध भ्याडपणाचा ठरला असता. ते उठता उठता थांबले. म्हणाले, "तुम्ही तिचा आवाज जवळून ऐकलात. माझे नेमके कोठे चुकले, तेवढे सांगा. सगळ्या फटी मी पुन्हापुन्हा मोजल्या होत्या."

काय सांगितले असेल मी? मला ठाऊक नाही, असे म्हणता आले असते. तेही खोटेच, पण निरुपद्रवी. मी मात्र चष्मा पुसला आणि ज्या आवाजात संस्थेत अहवाल वाचीत असे, त्या आवाजात म्हणालो, "पिस्टन आणि भिंत यांच्यातील फट जास्त राहिली असावी. मापनयंत्रावर हाताचा दाब सारखा पडला नाही की असे होते. वयाबरोबर हात बदलतो."

हिरानोंनी आपल्या हातांकडे पाहिले. मग म्हणाले, "तरीच." आणि मला धन्यवाद दिले.

त्यांच्या पत्नी त्यांच्याकडे पाहत नव्हत्या. माझ्याकडे पाहत होत्या. त्यांना काही कळले होते का? मी पुढे कधी विचारले नाही.

कार्यशाळा निघाली नाही. हे त्यांनीच मला काही आठवड्यांनी सांगितले. मी त्यांच्या खुर्चीत आडवा होतो, तोंडात कापूस, जबडा उघडा. ते म्हणाले की ज्या हाताला फट कळत नाही, त्याने दुसऱ्याचे इंजिन उघडू नये. पाहिलेली जागा त्यांनी सोडून दिली. मस्टँगचा सांगाडा काताओका घेऊन गेले. तिसऱ्या फेरीच्या आवाजाबद्दल त्यांनी पुन्हा चकार शब्द काढला नाही. हे सांगत असताना हिरानोंचा हात माझ्या दाढेवर होता. तो इतका स्थिर होता की मला काहीही जाणवले नाही. पुढे भारतात परत येईपर्यंत मी त्यांच्याकडेच जात राहिलो. दुसरा दंतवैद्य शोधला असता, तर कारण द्यावे लागले असते.

परकी भाषा, परके रीतिरिवाज, पाहुण्याचा संकोच — ही कारणे मी मनात पुष्कळदा मांडून पाहिली. त्यांतले एकही खरे नाही. त्यांच्या भाषेत ते वाक्य मला निर्दोष बोलता येत होते. हिरानो आज आहेत की नाहीत, मला माहीत नाही. शोध घेतला तर कळेल. मी शोध घेतलेला नाही.

त्या संध्याकाळी ते गेल्यावर सुधाने पेटी उघडली. लाल चवळीचे गोड पुरण भरलेले, तळहातात मावतील एवढे गोळे. जपानी मोदक, असे ती त्यांना म्हणे. तिने एक माझ्या बशीत ठेवला.

"अहो, जीव वाचला त्यांचा, आणि माफी मागायला ते आपल्याकडे आले," ती म्हणाली. "तुम्ही निदान खाली वाकायचं तरी त्यांच्यापुढे. खांबासारखे उभे राहिलात."

"रीत आहे त्यांची," मी म्हणालो.

"त्यांची आहे हो. तुमची कुठली?"

मी बशीतला गोळा खाल्ला. नंतर दुसराही खाल्ला. सोमवार हा आमच्या वस्तीतून जळणारा कचरा नेण्याचा दिवस असे. मी पेटी घेऊन स्वयंपाकघरात उभा राहिलो, उरलेले गोळे डब्यात काढून त्यांच्यावरचे प्लास्टिक वेगळे केले, पुठ्ठा चपटा करून दोरीने बांधला, बाकीचा कागद जळणाऱ्या कचऱ्याच्या पिशवीत भरला, आणि पिशवीला गाठ मारून ती दाराशी ठेवली.